गाडी जुनी झाली म्हणून ऑईल जाड? लाखाच्या वर धावलेल्या गाडीसाठी इंजिन ऑईल कसं निवडावं

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर आणि पुढचा घाट मागे पडला की मेडशी लागतं. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव राष्ट्रीय महामार्ग १६१ वर आहे. या रस्त्यावर नव्या कोऱ्या एसयूव्ही धावतात, तशाच एमएच-३७ आणि एमएच-३० क्रमांकाच्या, पंधरा-वीस वर्षं जुन्या अल्टो, वॅगनआर, इंडिका आणि बोलेरोही धावतात. घरातली ही एकच गाडी बाजार समितीच्या कामाला जाते, लग्नसराईत वऱ्हाड नेते आणि रात्री-अपरात्री कुणाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायचं असेल तर रुग्णवाहिकाही होते.

अशा गाडीचं रीडिंग लाख-दीड लाखावर गेलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘इंजिन जुनं झालं, आता जाड ऑईल टाका.’ मग ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० येतं. इंजिनाचा आवाज जरा कमी होतो आणि सल्ला बरोबर होता असं वाटू लागतं.

हा सल्ला कधी खरा असतो आणि कधी इंजिनालाच महागात पडतो? डब्यावरच्या आकड्यांचा आणि अक्षरांचा अर्थ काय? आणि ऑईल निवडताना आधी काय तपासावं?

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

गेल्या काही वर्षांत जुनी गाडी ठेवण्याचं गणित बदललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नवी गाडी काहीशी स्वस्त झाली. इंजिन ऑईलवरचा जीएसटी मात्र १८ टक्केच आहे.

दुसरीकडे, २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या वाहनांची नोंदणी पुन्हा करून घेण्याचं शुल्क केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार रुपये केलं. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे गाडी ठेवायची तर ती धडधाकट असायला हवी. धूर ओकणाऱ्या इंजिनासाठी हा खर्च करणं कुणालाच परवडणारं नाही.

तिसरा बदल रस्त्याचा. मालेगाव तालुक्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा आहे. जी गाडी आजवर तालुक्याच्या गावापर्यंत ५०-६० च्या वेगानं जात होती, ती आता तासन् तास शंभरच्या आसपास पळवली जाते. इतका वेळ जोरात चालणाऱ्या इंजिनात ऑईल जास्त तापतं आणि जुन्या इंजिनात ते जास्त जळतं. गावात ऑईल कमी पडलं तर गॅरेज समोर असतं, महामार्गावर नसतं.

चौथा बदल पेट्रोलचा. वीस टक्के इथेनॉल असलेलं ई२० पेट्रोल आता देशभर मिळतं. त्याचा ऑईलशी काय संबंध, ते पुढे पाहू.

ऑईल इंजिनात करतं तरी काय?

पहिलं काम सगळ्यांना माहीत आहे: धातूवर धातू घासू न देणं. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑईलचा अतिशय पातळ थर असतो. इंजिन फिरत असताना शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगत असतो.

बाकीची कामं कमी माहीत असतात. पिस्टनची उष्णता ऑईल खाली चेंबरमध्ये आणतं. काजळी आणि कचरा स्वतःत धरून ठेवतं. ज्वलनातून तयार होणारी आम्लं मारतं आणि पिस्टन रिंग व सिलिंडरमधली फट बुजवतं. ऑईल काळं होतं याचा अर्थ ते वाईट आहे असा नाही. ते कचरा उचलत आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑईल काही दिवसांतच काळं पडतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

डब्यावरचा आकडा काय सांगतो?

५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० ही भाषा अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवली आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑईल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर वाहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर.

नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण चालत्या इंजिनातल्या तापमानाला, ऑईल किती घट्ट राहतं ते सांगतो. या तापमानाला ३० ग्रेडच्या ऑईलचा वाहण्यातला घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असावा लागतो. ४० ग्रेडला तो १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडला १६.३ ते २१.९ असतो. आकडा मोठा म्हणजे ऑईल ‘जास्त ताकदीचं’, असा अर्थ नाही. ते फक्त जास्त घट्ट असतं.

आपल्याकडे ४५ अंश तापमान, मग जाड ऑईल नको का?

जाड ऑईलच्या बाजूनं सर्वात जास्त ऐकू येणारा मुद्दा हाच. अकोला-वाशीम पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इथे पातळ ऑईलचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे.

पण ऑईलच्या दृष्टीनं ४० अंश म्हणजेसुद्धा थंडीच. नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑईल ४० अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच ते १०० अंशांना उरतं. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी सावलीत उभी असलेली गाडी सुरू केली, तरी आतलं ऑईल कामाच्या तापमानापेक्षा कितीतरी घट्ट असतं. त्याच ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

इंजिनाची मोठी झीज सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत होते, कारण रात्रभर ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पंपानं ते वर हेडपर्यंत नेईस्तोवर भाग जवळजवळ कोरडे फिरतात. ऑईल जितकं घट्ट, तितका हा वेळ वाढतो.

आणि इंजिन एकदा तापलं की बाहेरच्या हवेचा फरक तितकासा उरत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतात. उन्हाळ्यात ऑईल थोडं जास्त तापतं हे खरं, पण कंपनीनं भारतासाठी ग्रेड ठरवताना हे ऊन धरलेलंच असतं. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत तापमानाचा तक्ता असतो आणि एकाऐवजी दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. उन्हाचा विचार करायचा असेल तर त्या तक्त्याच्या आत राहून करावा.

जाड ऑईलनं आवाज कमी होतो, मग बिघडतं काय?

आवाज कमी होतो कारण झिजलेल्या भागांमधली मोठी फट घट्ट ऑईल भरून काढतं. पण फट तिथेच असते. दुखणं दबतं, बरं होत नाही.

नुकसान मात्र तीन ठिकाणी होतं. पहिलं, वर सांगितलेली सुरुवातीची झीज वाढते. दुसरं, घट्ट ऑईल पंपायला इंजिनाची ताकद जाते, म्हणजे ॲव्हरेज थोडं कमी होतं. तिसरं आणि सर्वात गंभीर म्हणजे, अलीकडच्या इंजिनांत ऑईल जाण्याच्या वाटा फार अरुंद असतात. टर्बोचा शाफ्ट, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि हायड्रॉलिक टॅपेट यांना ऑईल ठरलेल्या वेळेत आणि दाबानं मिळावं लागतं.

उदाहरण घ्यायचं तर स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसवलेलं १.३ लिटरचं फियाट मल्टिजेट डिझेल इंजिन पाहा. त्यात टर्बो आहे आणि टायमिंग चेन आहे. अशा इंजिनात केवळ वय झालं म्हणून २०डब्ल्यू-५० टाकणं ही जोखीम आहे. याउलट जुन्या मारुती ८०० किंवा ॲम्बेसेडरसारख्या साध्या, मोकळ्या फटी असलेल्या इंजिनांना घट्ट ऑईल तुलनेनं सोसतं. ‘जाड टाका’ हा सल्ला त्या पिढीच्या इंजिनांवर तयार झाला. गाड्या बदलल्या, सल्ला तोच राहिला.

मग ग्रेड बदलायचा कधी?

सुरुवात नेहमी पुस्तिकेतल्या ग्रेडपासून करावी. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. अनेक गाड्यांत ऑईल भरायच्या झाकणावरही ग्रेड लिहिलेला असतो. रीडिंग दोन लाख झालं, पण गाडी ऑईल खात नाही, धूर नाही आणि दिवा लागत नाही, तर ग्रेड बदलण्याचं कारणच नाही.

गाडी ऑईल खात असेल तर आधी मोजावं. पद्धत सोपी आहे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरावं आणि रीडिंग लिहून ठेवावं. हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती ऑईल लागलं ते मापानं मोजावं.

हा आकडा का महत्त्वाचा? समजा गाडीत ३ लिटर ऑईल मावतं आणि ती हजार किलोमीटरला ३०० मिलिलिटर खाते. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडं कमीच अंतर असतं. म्हणजे साधारण तीन हजार किलोमीटरच्या आसपासच पातळी खालच्या खुणेला टेकते. मालकानं दहा हजारांच्या सर्व्हिसिंगची वाट पाहिली तर हिशोबानं तीनही लिटर संपतात. जुनी इंजिनं जाम होतात त्यामागे ऑईलचा चुकीचा ब्रँड क्वचितच असतो. ऑईल उरलेलंच नव्हतं, हे कारण जास्त वेळा सापडतं.

खप हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटरच्या आत असेल तर तोच ग्रेड ठेवून मधूनमधून भरणं पुरेसं आहे. त्याहून जास्त असेल तर पुस्तिकेच्या तक्त्यात बसणारा एक पायरी वरचा ग्रेड वापरून पाहता येतो. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०. इथे मागचा आकडा वाढवला आणि पुढचा तसाच ठेवला, त्यामुळे तापलेल्या इंजिनात ऑईल घट्ट राहतं, पण सकाळी लवकर वर चढतं. काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानला आहे. त्याच्याही पुढे गेलेल्या गाडीचा रोग ऑईलनं बरा होत नाही. तिथे इंजिनाचं काम करावंच लागतं.

गाडी ऑईल खाते की गळते?

दोन्हीचा उपाय वेगळा आहे, म्हणून हे आधी ठरवावं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी उत्तर मिळतं. पुठ्ठ्यावर डाग असेल तर गळती आहे. बहुतेक वेळा चेंबरचं किंवा टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचा नट नाहीतर क्रँकचं सील एवढंच बदलावं लागतं. त्यासाठी ग्रेड बदलायची गरज नाही.

डाग नाही आणि पातळी मात्र उतरते, तर ऑईल जळत आहे. मग धूर पाहावा. निळसर धूर ऑईलचा, काळा धूर जास्त इंधनाचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

निळा धूर कधी येतो यावरूनही बरंच कळतं. सकाळी सुरू करताना भपकारा येऊन मग बंद होत असेल तर व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असण्याची शक्यता जास्त. पेट्रोल गाडीत पातूरच्या घाटासारखा उतार ही चांगली परीक्षा आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गिअरमध्ये गाडी उतरवताना इंजिनात मोठी पोकळी तयार होते आणि ढिल्या सीलांतून ऑईल आत ओढलं जातं. उतार संपून पाय दाबला की मागे निळा ढग दिसतो. चढावर किंवा जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर बोट रिंग आणि सिलिंडरकडे जातं. ऑईलचं झाकण उघडल्यावर भकभक हवा बाहेर येणं, मेकॅनिकच्या भाषेत ‘बॅक मारणं’, हेही त्याचंच लक्षण.

हा फरक पैशाचा आहे. व्हॉल्व्ह सील बदलणं आणि अख्खं इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलणं यांच्या खर्चात मोठी तफावत असते. ‘इंजिन गेलं’ हे ऐकण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यायला सांगावं.

एपीआय एसएन, एसपी, सीआय-४ ही अक्षरं कशाची?

ग्रेड घट्टपणा सांगतो, ही अक्षरं दर्जा सांगतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत एस-नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी आणि सी-नं सुरू होणारी डिझेलसाठी असतात. पेट्रोलमध्ये एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. पुढचं अक्षर म्हणजे नवा, जास्त कडक दर्जा. साधारणपणे नव्या दर्जाचं ऑईल जुन्या पेट्रोल गाडीला चालतं, उलट मात्र करू नये.

एक अपवाद लक्षात ठेवावा. नव्या दर्जाच्या पातळ ऑईलांत झीज रोखणारा जस्त-फॉस्फरसचा घटक कमी ठेवलेला असतो, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. पद्मिनी-ॲम्बेसेडरसारख्या फार जुन्या रचनेच्या इंजिनांसाठी म्हणून त्यांच्या पुस्तिकेतला जरा घट्ट ग्रेडच बरा.

डिझेलमध्ये सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा दर्जा. जुन्या सुमो, बोलेरोसाठी सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० बाजारात सहज मिळतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीचं प्रकरण वेगळं आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि राख जास्त करणाऱ्या ऑईलनं तो तुंबतो. घरात जुनी आणि नवी अशा दोन डिझेल गाड्या असतील तर एकच डबा दोघींत ओतू नये.

हीच चूक बाईक आणि ट्रॅक्टरच्या बाबतीतही होते. बाईकचं फोर-टी ऑईल क्लच आणि गिअर यांनाही पुरतं अशा बेतानं बनवलेलं असतं, कारसाठी नाही. कारचं ऑईल बाईकमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑईल तर कुठल्याच इंजिनात जाता कामा नये. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं १५डब्ल्यू-४० अडचणीच्या वेळी कारमध्ये टाकायचं असेल तर डब्यावर सी-सोबत एस-ची अक्षरं आहेत का आणि तो ग्रेड कारला चालतो का, हे आधी पाहावं.

‘हाय मायलेज’ ऑईल म्हणजे काय? सिंथेटिक घ्यावं का?

अमेरिकेत ७५ हजार मैल, म्हणजे साधारण १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी वेगळं ‘हाय मायलेज’ ऑईल विकलं जातं. व्हॅल्व्होलिन कंपनीनं २००० मध्ये असं ऑईल बाजारात आणलं. त्यात कडक झालेल्या रबरी सीलांना थोडं मऊ करणारे घटक आणि जास्त डिटर्जंट असतात. किरकोळ पाझर त्यानं कमी होऊ शकतो. फाटलेलं सील किंवा झिजलेली रिंग मात्र त्यानं जुळत नाही. पुस्तिकेतला ग्रेड आणि दर्जा जुळत असेल तर ते वापरायला हरकत नाही. मिळालं नाही तर अडूनही राहू नये.

‘जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळती सुरू होते’ हा समज सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या सिंथेटिक ऑईलांपासून चालत आला आहे. तेव्हा काही ऑईलांनी सीलं आक्रसत. आताच्या ऑईलांत ती अडचण नाही. पण वर्षानुवर्षं ऑईल न बदललेल्या इंजिनात गाळानंच गळती दाबून धरलेली असेल, तर चांगलं ऑईल तो गाळ सोडवतं आणि मुळातली गळती दिसू लागते. अशा इंजिनात आधी दोन-तीन हजार किलोमीटरच्या अंतरानं एक-दोनदा साधं ऑईल आणि फिल्टर बदलून आत हळूहळू सफाई होऊ द्यावी.

‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दात सिंथेटिक किती टक्के असावं याचं ठरलेलं प्रमाण नाही. म्हणून या शब्दापेक्षा ग्रेड आणि दर्जाची अक्षरं पाहून निवड करणं जास्त सुरक्षित.

ऑईलमध्ये वेगळं टाकायच्या ‘जादुई’ बाटल्यांबद्दल सावध राहिलेलंच बरं. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ या अशाच उत्पादनाच्या झीज कमी करण्याच्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ मध्ये केला होता. पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीनं मिटलं आणि कंपनीच्या जाहिरातींवर बंधनं आली.

ई२० पेट्रोलचा ऑईलवर काय परिणाम?

१ एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ई२० साठी बनवलेल्या नाहीत. अशा चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात होता. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ही घट किरकोळ असल्याचं म्हटलं. मात्र काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही सांगितलं. ई२० ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

ऑईलशी संबंध येतो तो छोट्या फेऱ्यांमुळे. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद केलं तर न जळलेलं इंधन आणि ज्वलनातलं पाणी रिंगांच्या बाजूनं ऑईलमध्ये उतरतं. इथेनॉल पाणी सहज धरतं. इंजिन तापलं की हे दोन्ही वाफ होऊन निघून जातं, पण रोज घर ते बसस्टँड एवढीच फेरी असेल तर साचत राहतं आणि ऑईल पातळ व आम्ल होतं. झाकणाच्या आतून दुधी साय दिसणं ही त्याची खूण. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवावं आणि ऑईल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता बदलावं.

बदलायचं कधी आणि घ्यायचं कुठून?

अलीकडच्या बहुतेक गाड्यांसाठी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असा नियम असतो. पण त्याच पुस्तिकांत धूळ, छोट्या फेऱ्या आणि जड ओझं यांना ‘कठीण वापर’ म्हटलेलं असतं आणि त्यासाठी कमी अंतर दिलेलं असतं. शेतरस्त्याची धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा यात बसतो. लाखाच्या वर गेलेल्या गाडीला पाच ते साडेसात हजारांवर ऑईल आणि सोबत ऑईल फिल्टर बदलणं शहाणपणाचं. एअर फिल्टर तुंबलेला किंवा नीट न बसवलेला असेल तर आत गेलेली धूळ सिलिंडर घासते. मग कितीही महाग ऑईल कामाचं नाही.

बनावट ऑईल हा वेगळाच धोका आहे. भंगारात गेलेले रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात. त्यामुळे पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून ऑईल घ्यावं, सील आणि बॅच क्रमांक पाहावा, कंपनीनं दिलेला क्यूआर कोड तपासावा. डबा डोळ्यांसमोर फोडायला सांगावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडूनच टाकावा.

काढलेलं जळकं ऑईल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासण्याची किंवा नालीत सोडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. हे ऑईल कायद्यानं घातक कचरा आहे. त्यात धातू आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारे पदार्थ असतात. जमिनीत मुरलं तर विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचतं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑईल गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. त्यामुळे ते बंद डब्यात भरून, ऑईल गोळा करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजकडेच द्यावं.

थोडक्यात

• पुस्तिकेतला ग्रेड आणि दर्जा हीच सुरुवात. रीडिंग वाढलं एवढ्यावर ग्रेड बदलू नये.

• हजार किलोमीटरचा खप मोजावा. गळती आहे की ज्वलन, ते आधी ठरवावं.

• खप जास्त असेल तरच, पुस्तिकेच्या मर्यादेत, मागचा आकडा एक पायरी वाढवावा.

• दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेच्या वरही भरू नये. जादा ऑईलला फेस येतो.

• डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा पेटला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणू नये. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करावं.

ऑईल आणि फिल्टर बदलण्याचा खर्च काही हजारांत भागतो. जाम झालेलं इंजिन खोलायला त्याच्या कित्येक पट पैसे लागतात, आणि ते नेमकं गाडीची सर्वात जास्त गरज असते त्या रात्री जाम होऊ शकतं. डिपस्टिक पाहायला मात्र दोन मिनिटं आणि एक जुनं फडकं एवढंच लागतं.